कोट घातलेली पुस्तकं

समोरचा माणूस वाकडं बोलला की अप्पा उत्तर देत नसत. हातातलं पुस्तक खाली ठेवायचे, उठायचे, भिंतीवरच्या खिळ्याला लटकणाऱ्या दोऱ्याला एक गाठ मारायचे आणि परत येऊन कामाला लागायचे. "बांधून ठिवलं," एवढंच पुटपुटायचे. समोरच्याला वाटायचं, म्हातारा भला आहे, ऐकून घेतो. खरं काय ते त्याला सहा महिन्यांनी कळायचं, कधी वर्षाने.

मनात धरून ठेवणारी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. नात्यात तर असतातच. पण त्यांचं धरणं म्हणजे लग्नात न बोलणं, बारशाला न येणं, फार झालं तर हळदीकुंकवाचं बोलावणं गाळणं. अप्पांचं तसं नव्हतं. त्यांचा सूड कामातून यायचा, आणि कामात ते चोख होते.

अप्पा बाइंडर होते. लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत, दोन माणसं बसली की तिसऱ्याने उभं राहावं असं त्यांचं दुकान होतं. मूळचे निलंग्याकडचे. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग. भाऊबंद सगळे आडतीत, हे एकटे पोरवयात नांदेडच्या छापखान्यात लागले आणि जुजबंदी शिकून आले. जुजबंदी म्हणजे पुस्तकाचा सोळा पानांचा एकेक फर्मा मधोमध दोऱ्याने शिवून सगळे फर्मे एकमेकांना बांधत जायचं. अशी पुस्तकं सपाट उघडतात आणि पिढ्यान् पिढ्या टिकतात. तारा ठोकून पुस्तक बांधणाऱ्यांना अप्पा 'सुतार' म्हणत.

एका कचेरीतल्या कारकुनाने त्यांना एका दाखल्यासाठी चार वेळा परत पाठवलं. पुढच्या वर्षी त्या कचेरीची जाडजूड रजिस्टरं बांधायला अप्पांकडे आली. ती त्यांनी इतकी घट्ट आवळून बांधली की मधलं पान उघडायला दोन माणसं लागायची. एकाने दाबून धरायचं आणि दुसऱ्याने वाचायचं. बांधणीत खोट काढायला जागा नव्हती. एका प्राध्यापकाने दुकानात येऊन सगळ्यांदेखत त्यांना "अडाणी" म्हटलं. त्याचा पीएच.डी.चा प्रबंध वेळेवर, सोनेरी अक्षरांत, सुंदर बांधून गेला. आत पाचवं प्रकरण उलटं होतं. तोंडी परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंध फिरवून वाचला म्हणतात.

मी एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. वर्षातून दोनदा फाटकी पुस्तकं घेऊन त्यांच्याकडे जायचो, एवढीच ओळख. ती वाढली भूकंपानंतर.

औशाकडची गावं ज्या पहाटे गेली, त्याबद्दल इथं लिहीत नाही. लातूरच्या माणसाला ते सांगावं लागत नाही आणि बाहेरच्याला सांगून कळत नाही. पण नंतर जगभरातून मदत आली, तिच्यातल्या गमती आम्ही पाहिल्या. आमच्या कॉलेजच्या व्यायामशाळेत कपड्यांचा ढीग पडला होता. त्यात गुडघ्याखाली येणारे लोकरीचे कोट होते, शेकड्याने. मराठवाड्याच्या उन्हात ते घालणार कोण? कुणी न्यायला तयार होईना. त्याच ढिगाखाली पुस्तकांची काही खोकी निघाली. कुठल्या परदेशी शाळेने की चर्चने पाठवली, देव जाणे. पावसात भिजलेली, कव्हरं गेलेली, पुढची पानं चिकटून लगदा झालेली. अमेरिकेतल्या जुन्या कादंबऱ्या होत्या, आणि विज्ञानकथा लिहायला नुकती सुरुवात झाली होती त्या काळातल्या कथा होत्या. पुस्तकाचं नाव नाही, लेखकाचं नाव नाही. मी दाखल नोंदवहीत 'अमेरिकन कादंबरी एक', 'अमेरिकन कादंबरी दोन' असं लिहीत गेलो आणि शंभराच्या पुढे गेलो.

ती खोकी अप्पांकडे नेली. त्यांनी एक पुस्तक उचललं, पाठीवरून बोट फिरवलं, वास घेतला.

"शिवण बरी हाय ह्यांची. कपडा काय लावायचा?"

म्हटलं, रेक्झिन लावा.

"रेक्झिन कामून आणता मास्तर? ते कोट पडलेत की."

आणि त्यांनी खरोखर ते कोट उसवून पुस्तकांना चढवले. काळे, तपकिरी, एक बाटलीच्या रंगाचा हिरवा. एकाचा खिसा तसाच ठेवला, त्यात वाचनालयाचं कार्ड बसायचं. माझ्या कपाटात दोनशे पुस्तकं लोकरीचे कोट घालून उभी राहिली. मे महिन्यात त्यांच्याकडे बघून घाम यायचा.

अप्पांचा एक नियम होता. वाचल्याबिगर शिवायचं न्हाई. "आपुन कुणाच्या पाठीत सुई घालून राहिलो ते कळाया पायजे," असं ते म्हणत. इंग्रजी त्यांचं मॅट्रिकपर्यंतचं, वर नांदेडच्या छापखान्यातलं. जोडीला एक शब्दकोश होता, त्यातली 'एस' अक्षराची पानं कधीची गळून गेली होती. इंग्रजीत 'एस'ने सुरू होणारे शब्द किती आहेत हे मला अप्पांमुळे कळलं. कॉलेज शनिवारी अर्धा दिवस असायचं. मी दुपारी दुकानात पोचलो की आठवडाभर अडलेले शब्द त्यांनी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहून ठेवलेले असत. "चला, 'एस' सांगा," म्हणत. ते सांगून झाले की चहा आणि चहाबरोबर भांडण.

भांडण पुस्तकावरून. मी एम.ए. झालेलो माणूस. मी म्हणायचो, अप्पा, यातला एकटेपणा बघा, ती उघडी माळरानं बघा. अप्पांना एकच बघायचं असायचं. सूड पुरा झाला का न्हाई? यावर ते अख्ख्या अमेरिकन वाङ्मयाची किंमत करत.

एका कादंबरीत शेजारी नायकाचा घोडा मारतो. अप्पांना ते फार आवडलं. "आपल्याकडं नुसतं म्हनतेत, मी काय तुजं घोडं मारलं. हितं खरंच मारलंय. आता बगा मजा." पुढे अडीचशे पानं तो नायक खिशात पिस्तूल घेऊन हिंडतो, आणि शेवटी शेजारी आजारी पडतो तेव्हा त्याच्या शेताची कापणी करू लागतो. अप्पांनी पुस्तक आपटलं. "अडीचशे पानं पिस्तूल वागवलं आन् कापनीला गेला? मंग वागवलं कशाला? ह्याला कादंबरी म्हनावं का?" मी क्षमा, उदारता वगैरे बोललो. ते म्हणाले, "घोड्याला इचारलं का कुनी?"

दुसऱ्या एका कथेत चार जण लोखंडी पिंपात बसून एका ग्रहावर उतरतात. तिथली माणसं रोज संध्याकाळी झालेलं सगळं विसरतात, म्हणून तिथं भांडण नाही, तुरुंग नाही. लेखकाला तो स्वर्ग वाटत होता. अप्पा म्हणाले, "असल्या गावात मी दोन दिस बी राहनार न्हाई. मानूस काय धरून जगंल?"

मला हे शनिवार फार प्रिय होते. कॉलेजात पुस्तकांविषयी बोलणारं कुणी नव्हतं. प्राध्यापक मंडळी क्लासेस काढण्याच्या नादात होती. गावात भाड्याच्या खोल्या, मेस आणि झेरॉक्सची दुकानं वाढत चालली होती, आणि निकालाच्या दिवशी चौकाचौकांत पोरांचे फोटो लागत होते. त्या सगळ्यात आम्ही दोघं चहा घेऊन घोड्याबद्दल तावातावाने भांडायचो.

मग एक कथा निघाली. खाणीचं एक छोटं गाव. तिथं एक प्रोफेसर जमिनीच्या पोटातला आवाज ऐकायचं यंत्र तयार करतो. त्याला गुरगुर ऐकू येते. तो हॉटेलात जाऊन सांगतो की गाव सोडा. हॉटेलवाला सगळ्यांसमोर म्हणतो, "प्रोफेसर, तो आवाज जमिनीचा नसेल, तुमच्या पोटातला असेल." सगळं हॉटेल हसतं.

इथवर मी वाचून दाखवलं आणि अप्पांनी मला हाताने थांबवलं. खळीचं भांडं उगाच ढवळत राहिले. मग म्हणाले, "आमची अक्का पंचमीला माहेरी आली हुती. म्हनली, घरात भुई गुरगुरती, भांडी वाजत्यात. मी म्हनलं, तुज्या सासूचं पोट गुरगुरत असंल. समदे हसले. ती बी हसली. मंग गनपती बुडाले आन् दुसऱ्या पहाटं गेली. सासू बी गेली. घरातले समदेच."

त्यांनी हे कुणालाच सांगितलेलं नव्हतं. त्या दोऱ्याला इतक्या गाठी मारल्या, त्यातली सगळ्यात घट्ट स्वतःच्या नावाची होती असं ते म्हणाले.

"मला त्या प्रोफेसराशी घेनं न्हाई," ते म्हणाले. "तो हाटेलवाला हसला. तेचं फुडं काय होतं, तेवडं बगायचंय. पन एकट्याला वाचायचं नको वाटून राहिलं. तुमी संगट बसा."

म्हणून ते एक पुस्तक आम्ही बरोबरीने वाचायला घेतलं. शनिवारी एक फर्मा, तोही निम्मा. वाचून झालेला फर्मा ते शिवायचे, न वाचलेले सुटे फर्मे फडक्यात बांधून फळीवर ठेवायचे. मधल्या दिवसांत त्या फडक्याला हात लावायचे नाहीत. शेवटचे तीन फर्मे उरले होते तेव्हा मी माती खाल्ली.

तेही स्वच्छ सांगतो. माझी मुलगी मेघना दहावी झाली होती. गावातल्या नावाजलेल्या क्लासची एक खास तुकडी असायची, तिच्यात घ्यायला तिचे गुण थोडे कमी पडत होते. त्याच क्लासवाल्या सरांना आमच्या कॉलेजचं वाचन दालन सकाळच्या तुकडीसाठी हवं होतं. संस्थाचालक त्यांच्या खिशात होते. दालन रिकामं करायचं तर पुस्तकं हलवायला हवीत, आणि पुस्तकं काढून टाकायची तर ग्रंथपालाने निर्लेखनाची यादी करून सही करायला हवी. सर मला चहाला बोलावून म्हणाले, "मेघनाची काळजी करू नका. आपलीच मुलगी आहे." यादीचं त्यांनी नावही काढलं नाही. मला कळायचं ते कळलं.

यादी मी माझ्या हाताने लिहिली. अमेरिकन कादंबरी एक, अमेरिकन कादंबरी दोन. शेवटच्या रकान्यात कारण लिहायचं असतं. मी लिहिलं, 'जीर्ण'. खाली खाली तेच, दोनशे वेळा. पाच वर्षांपूर्वी जुजबंदीने शिवलेली, लोकरीत गुंडाळलेली, शंभर वर्षं टिकतील अशी पुस्तकं. दुकानात बांधायला राहिलेल्या त्या पुस्तकाचाही आकडा यादीत होताच. कुणी माझा हात धरून लिहून घेतलं नव्हतं.

अप्पांना सांगायचं धैर्य झालं नाही. रद्दीवाल्याचा हातगाडा गंजगोलाईवरून गेला आणि अप्पांनी गल्लीच्या तोंडाशी आपले कोट ओळखले. त्यांनी सगळा गाडा दुकानासमोर उतरवून घेतला. सोबत यादीची प्रत होती. ती त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, असं समोरच्या पानवाल्याने मला नंतर सांगितलं.

शनिवारी मी नेहमीसारखा गेलो. माझ्याकडे सबबी तयार होत्या.

"या साहेब," अप्पा म्हणाले.

इतकी वर्षं मी 'मास्तर' होतो. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, चहा मागवला, मग उठून माझ्यादेखत दोऱ्याला गाठ मारली. परत येऊन बसले आणि पाऊसपाण्याचं विचारू लागले. फळीवर फडकं तसंच होतं. मी तिकडे पाहिलं, तर म्हणाले, "आजकाल वाचून राहिलो न्हाई साहेब. डोळे गेले." शेजारी पुस्तक पालथं पडलेलं होतं.

आता क्लासवाल्या सरांचं काय झालं ते ऐका, कारण ते सांगताना मला आजही बरं वाटतं. क्लासच्या नोट्स बांधायचं काम कित्येक वर्षं अप्पांकडेच होतं. त्या वर्षी खास तुकडीच्या फिजिक्स-केमिस्ट्रीच्या नोट्स, प्रत्येक मुलाच्या नावाची चिठ्ठी लावून, ठरल्या दिवशी पोचल्या. बांधणी नेहमीसारखी देखणी. आत 'उष्णता' संपून 'ध्वनी' सुरू व्हायचा त्या जागी एकेक फर्मा कादंबरीचा शिवलेला होता. दोनशे पुस्तकं त्यांनी उसवली होती. कुणाला घोडा मेल्याची सोळा पानं, कुणाला लोखंडी पिंपाची. बांधणाऱ्या हातांनी उसवताना त्यांचं काय झालं असेल, मला माहीत नाही.

सरांचा गोंधळ व्हावा, पालक चिडावेत, एवढंच अप्पांच्या मनात असावं. झालं भलतंच. लातूरच्या मुलांना वाटलं, हा अभ्यासक्रमच आहे. नोट्समध्ये आहे म्हणजे परीक्षेला येणार. त्यांनी त्या सोळा पानांत रंगीत पेनांनी रेघा मारल्या. समासात 'महत्त्वाचे' लिहिलं. काहींनी पाठ केलं. प्रत्येकाकडे वेगळी पानं आहेत म्हटल्यावर बोभाटा झाला की सरांनी मुद्दाम वाटून दिलंय, सगळं जमवल्याशिवाय पूर्ण होत नाही. मेसमध्ये पोरं विचारू लागली, "घोड्याच्या गोष्टीचा सात नंबर तुझ्याकडं हाय का? माझ्याकडं आठ हाय." समोरच्या क्लासने झेरॉक्स मिळवून आपल्या मुलांना वाटली. नांदेडहून पालक चौकशीला आले की असलं सखोल साहित्य इकडे कधी मिळणार.

सरांनी अप्पांना बोलावलं. मी तेव्हा क्लासच्या ऑफिसात होतो, दालनाच्या किल्ल्या द्यायला गेलेला.

"हे काय केलंत तुम्ही?" सर दबक्या आवाजात म्हणाले. दाराबाहेर पालक बसले होते.

"फर्मा चुकला असंल सर," अप्पा म्हणाले. "हात जीर्ण झाले बगा आता." हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

चूक झाली म्हणावं तर सर तोंडघशी पडणार होते. सगळं गाव त्या पानांसाठी त्यांची तारीफ करत होतं. शेवटी मुलांनी शंका विचारल्या तेव्हा फळ्याकडे तोंड करून त्यांना शिकवावं लागलं. 'घोडा मरण्याची पाच कारणे.' मुलांनी उतरवून घेतली. अप्पा म्हणे त्या वेळी क्लासच्या खिडकीबाहेर रसवंतीच्या बाकावर बसून होते, दोन ग्लास रस प्यायले. परीक्षा झाल्यावर सरांनी त्यांचं काम काढून घेतलं, त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

माझ्यावरचा सूड मात्र माझ्या घरात येऊन पोचला होता, आणि मला पत्ता नव्हता.

मेघनाच्या नोट्सही नावाची चिठ्ठी लावून आल्या होत्या. तिच्या 'ध्वनी'च्या आधी अप्पांनी प्रोफेसराच्या कथेचा शेवटचा फर्मा शिवला होता. स्वतः न वाचता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नियम मोडला तो इथं. मुलीने वाचलं, तिला आगापिछा कळेना, म्हणून ती आधीची पानं शोधत त्यांच्या दुकानात गेली. दर रविवारी क्लासची चाचणी सुटली की आठ-दहा पोरं तिथं जमायला लागलीच होती. अप्पा स्टुलावर, पोरं कागदाच्या गठ्ठ्यांवर, पायरीवर, दाराबाहेर, आणि वाद चाललेला. 'एस'चे शब्द आता मेघना सांगायची.

मला हे कळलं तेव्हा मी तिच्या नोट्स उघडल्या. मधोमध फक्त कापलेला दोरा होता.

"ती पानं कुठंयत?" मी विचारलं.

"अप्पांना परत दिली."

"शेवटी काय झालं त्या हॉटेलवाल्याचं?"

"अप्पांनी सांगितलंय, बाबांना सांगायचं नाही."

मी हसलो. सोळा वर्षांची पोर, आठ दिवसांत सांगेल असं वाटलं. तिने सांगितलं नाही. मी रागावलो, लाडीगोडी लावली, तिच्या आईला मध्ये घातलं. आई म्हणाली, "तुमचं तुम्ही बघा." मी रविवारी त्या गल्लीतून मुद्दाम जायचो. आत हशा पिकलेला असायचा. मी दारात दिसलो की अप्पा म्हणायचे, "या साहेब," आणि पोरांना खूण करायचे. सगळे गप्प बसत. मला चहा मिळायचा, खुर्ची मिळायची, मान मिळायचा. पुस्तकावरचा एक शब्द मिळायचा नाही. माझी मुलगी माझ्यासमोर पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत बसायची.

किती वर्षं असं चाललं म्हणता? मेघना डॉक्टर होऊन नांदेडला दवाखाना काढीपर्यंत, आणि त्यानंतरही. पुस्तकाला ना नाव ना लेखक, त्यामुळे दुसरीकडे शोधायची सोय नव्हती. पुढे घरात कॉम्प्युटर आला तेव्हा मी नाना तऱ्हेने शोधून पाहिलं. एकदा निवृत्तीनंतर सरळ अप्पांच्या पायाशी बसलो. म्हटलं, अप्पा, चुकलं माझं. दोनशे वेळा चुकलं. आता सोडा.

त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "चुकलं हे खरं हाय साहेब. चहा घेता का?"

त्या दिवशी मी घरी येऊन त्यांना मनसोक्त शिव्या दिल्या. माणसाने एका सहीसाठी किती वर्षं वसूल करायचं? माझ्या पोरीचं भलं झालं, ते त्या सहीनेच झालं की नाही, मला आता सांगता येत नाही. कदाचित ती तशीही शिकली असती. पण मला शनिवारची आठवण येत होती, आणि ती मी कुणाला सांगणार होतो? त्यांचं वाचन थांबलं नव्हतं, भांडणं थांबली नव्हती. फक्त मला वगळलं होतं. त्यांना आणखी एक ठाऊक होतं. हसणाऱ्या हॉटेलवाल्याचं काय होतं, हे सही करणाऱ्यालाही जाणून घ्यायचं होतं.

गेल्या उन्हाळ्यात अप्पा वारले. निलंग्याला त्यांच्या शेतात मातीला आम्ही गेलो. आमच्यात दहन असतं, त्यांच्यात बसवून पुरतात. बसलेले अप्पा तसेच दिसत होते, कामाला बसल्यासारखे. त्या जुन्या तुकडीतले बरेच जण आले होते, कुणी डॉक्टर, कुणी इंजिनिअर, टक्कल पडलेले. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी कोरडा होतो. मला राग आला होता की हा माणूस आता कधीच काही बोलणार नाही.

परतताना मेघना गाडी चालवत होती. औशाच्या अलीकडे मी म्हटलं, "आता तरी सांग. आता कुणाचा शब्द मोडत नाही."

तिने गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाली, "बाबा, ते शेवटचं पान मीच त्यांना वाचून दाखवलं होतं. त्यांनी स्वतः वाचलं नव्हतं. संपल्यावर त्यांनी मला ते परत वाचायला लावलं. तीनदा. मग डोळे पुसले आणि म्हणाले, हे तुज्या बापाला सांगू नको."

"पण का?"

"तेच विचारलं मी. म्हणाले, ऐकलं तर त्याला निवांत झोप लागंल."

तिने पुढच्या उसाच्या ट्रॅक्टरला ओलांडलं आणि काच वर केली. मी पुन्हा विचारलं नाही. ती सांगणार नव्हती, आणि खरं म्हणजे जे कळायचं ते कळलंही होतं. पण कळणं वेगळं आणि कुणीतरी समोर बसून वाचून दाखवणं वेगळं.

एवढं सगळं लिहिलं, त्यात अप्पांचं नाव कुठंही आलं नाही. कोट घातलेल्या दोनशे पुस्तकांच्या बाइंडरचं नाव कुठंतरी छापून यावं, असं त्या पोरांना फार वाटतं. ते मला येऊन भेटलेही. मला नाव ठाऊक आहे, वडिलांच्या नावासकट. मी लिहिणार नाही.